मॅडिसनचा वसंत आणि विद्यापीठाच्या नोंदवह्या

विस्कॉन्सिन हे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातील राज्य असून तेथील हिवाळा इतका दीर्घ असतो, की गोठलेली तळी मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभापर्यंत मोकळी होत नाहीत, आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत पक्षी परतणे, रानफुले उमलणे, झाडांना पालवी फुटणे या घटना एकामागून एक घाईने घडून जातात. या राज्याच्या राजधानीत, मॅडिसन येथे, विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी म्हणजे 1848 मध्ये स्थापन झालेल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हे आठवडे विशेष धामधुमीचे असतात. कुरणे मुद्दाम जाळली जातात, परकीय तण उपटण्यासाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या निघतात, तळ्याच्या पाण्याचे नमुने घेतले जातात, रानफुले आणि पक्षी दाखविण्यासाठी जाणकारांबरोबर फेऱ्या होतात, एप्रिलमध्ये प्रयोगशाळांची दारे नागरिकांना आणि शाळकरी मुलांना खुली होतात, आणि 22 एप्रिलच्या वसुंधरा दिनाच्या सुमारास व्याख्याने व परिषदा भरतात. असे उपक्रम आज जगातील अनेक विद्यापीठे करतात. मॅडिसनचे वेगळेपण असे, की त्याच जमिनीवर, त्याच तळ्यात आणि त्याच फुलांबाबत हीच कामे तेथे अनेक पिढ्या चालू आहेत, आणि म्हणून यंदाच्या वसंताची तुलना आजोबा-पणजोबांच्या काळातील वसंताशी करता येते.

विद्यापीठाने आपल्या आवाराबाहेर पाहावे, ही भूमिका तेथे जुनी आहे. 1903 ते 1918 या काळात अध्यक्षपदी असलेले चार्ल्स व्हॅन हाइस यांचा आग्रह होता, की विद्यापीठातील ज्ञानाचा लाभ राज्यातील प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि हाच विचार पुढे ‘विस्कॉन्सिन आयडिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. भूमीचा इतिहास मात्र विद्यापीठाहून फार जुना आहे. मॅडिसनच्या तळ्यांभोवतीचा मुलूख हो-चंक या मूलनिवासी लोकांचा होता, 1832 च्या तहाने तो त्यांच्याकडून काढून घेण्यात आला, आणि त्यांच्या पूर्वजांनी पशुपक्ष्यांच्या आकारात रचलेले मातीचे उंचवटे आजही विद्यापीठाच्या आवारात पाहायला मिळतात. वसंतातील ज्या कामाचे नवख्या पाहुण्यास सर्वाधिक आश्चर्य वाटते, ते गवत जाळण्याचे काम मुळात याच प्रदेशातील मूलनिवासींच्या रीतीवर आधारलेले आहे.

शालेय भूगोलात ‘प्रेअरी’ हे नाव उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशासाठी येते, परंतु प्रेअरी म्हणजे केवळ गवत नव्हे. माणसाच्या उंचीएवढी वाढणारी गवते, शेकडो जातींची फुलझाडे, त्यांवर जगणारे कीटक आणि जमिनीत खोलवर उतरलेले मुळांचे जाळे यांची ती परिसंस्था असते. युरोपीय वसाहतीपूर्वी विस्कॉन्सिनमध्ये सुमारे 21 लाख एकर प्रेअरी होती असा अंदाज आहे. तिची माती सुपीक असल्यामुळेच ती नांगराखाली गेली, आणि आज तिचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग मूळ रूपात शिल्लक आहे. 1930 च्या दशकात, आर्थिक मंदी आणि धुळीच्या वादळांनी अमेरिकी शेती हवालदिल झाली असताना, या विद्यापीठाने शहराच्या कडेला ‘आर्बोरेटम’ म्हणजे वृक्षसंग्रहासाठी राखलेले मोठे क्षेत्र उभारले. जून 1934 मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड आणि वनस्पतिशास्त्रज्ञ नॉर्मन फॅसेट यांना तेथे निरनिराळ्या झाडांचा शोभिवंत संग्रह पुरेसा वाटत नव्हता. गोऱ्या वसाहतकारांच्या आगमनापूर्वी या प्रदेशात ज्या परिसंस्था होत्या, त्यांचे नमुने पुन्हा घडवावेत, असा त्यांचा विचार होता. त्या काळी हा विचार धाडसाचा होता, कारण निसर्ग राखणे म्हणजे जे उरले आहे त्याला कुंपण घालणे, एवढाच अर्थ सर्वत्र घेतला जात असे.

त्यासाठी निवडलेली जमीन जुनी शेती आणि घोड्यांचे चराऊ कुरण होती. 1935 ते 1941 या काळात बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या सरकारी योजनेतील मजुरांची छावणी आर्बोरेटममध्ये होती, आणि थिओडोर स्पेरी या तरुण परिसंस्थाशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली या मजुरांनी उरल्यासुरल्या प्रेअरीच्या तुकड्यांतून गवताचे गड्डे आणि बियाणे आणून लावले. हीच पुढे ‘कर्टिस प्रेअरी’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि जगातील सर्वांत जुनी पुनःस्थापित प्रेअरी म्हणून ती ओळखली जाते. लागवड झाली, तरी अडचण संपली नाही. चाऱ्यासाठी लावले जाणारे परकीय ‘केंटकी ब्लूग्रास’ हे गवत मूळ वनस्पतींना डोके वर काढू देईना. येथे जॉन कर्टिस या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1940 च्या दशकात आगीचे पद्धतशीर प्रयोग केले. वणवा म्हणजे केवळ हानी, असा समज वनखात्यांत आणि जनतेत पक्का रुजलेला असताना त्यांनी वेगवेगळ्या वाफ्यांना वेगवेगळ्या महिन्यांत आणि वेगवेगळ्या अंतराने आग लावून कोणती वनस्पती टिकते आणि कोणती मागे हटते, हे मोजून दाखविले.

त्यातून उलगडलेली यंत्रणा समजण्यास सोपी आहे. ब्लूग्रास हे थंड हवेत वाढणारे गवत असल्याने बर्फ सरताच ते हिरवे होते, तर बिग ब्लूस्टेमसारखी मूळची उंच गवते उन्हाळ्याच्या उबेत वाढणारी असल्याने एप्रिलमध्ये ती अद्याप निद्रिस्त असतात आणि त्यांचे वाढीचे कोंब जमिनीखाली सुरक्षित असतात. नेमक्या या काळात आग फिरली, की परकीय गवताची कोवळी पाती जळतात आणि त्याची साठविलेली शक्ती वाया जाते, मूळ गवतांना मात्र धक्का लागत नाही. शिवाय मागील वर्षाच्या वाळक्या गवताचा थर जळून गेल्याने सूर्यप्रकाश थेट जमिनीपर्यंत पोहोचतो, काळी पडलेली माती ऊन शोषून लवकर तापते आणि बीजांकुरणास मोकळी जागा मिळते. झाडाझुडपांची रोपटीही जळतात, आणि ती जळणे आवश्यकच असते, कारण आग न लागलेली प्रेअरी काही दशकांत झुडपांनी भरून जाते. आज हे काम प्रशिक्षित पथके करतात. वाऱ्याचा वेग आणि दिशा, हवेतील आर्द्रता, गवताचा कोरडेपणा हे सर्व पाहून दिवस ठरविला जातो, सभोवार जाळरेषा आखल्या जातात, पाण्याचे पंप सज्ज ठेवले जातात, आणि संपूर्ण क्षेत्र एकाच वर्षी जाळण्याऐवजी एकेक भाग आळीपाळीने जाळला जातो, म्हणजे गवतात मुक्काम केलेल्या कीटकांना शेजारच्या तुकड्यात आसरा उरतो. विद्यापीठाच्याच तळ्याकाठच्या राखीव वनक्षेत्रात ‘बायोकोअर प्रेअरी’ नावाचा एक लहान तुकडा असून, 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जीवशास्त्राचे पदवीपूर्व विद्यार्थी तेथे पुनःस्थापनेचे प्रयोग करीत आले आहेत; संशोधनाचा पहिला पाठ तेथे त्यांना हातात कुदळ घेऊनच गिरवावा लागतो.

कुरणात आग फिरत असताना आर्बोरेटमच्या मेपल वृक्षांच्या वनात वेगळीच घाई चाललेली असते. ब्लडरूट, हेपॅटिका, ट्रिलियम यांसारख्या वनस्पतींना वासंतिक अल्पायुषी फुलझाडे म्हणता येईल. त्यांचे कंद किंवा मूळखोड अनेक वर्षे जगते, पण त्यांतील बऱ्याच जातींचा जमिनीवरील पसारा काही आठवड्यांपुरताच असतो. बर्फ वितळल्यानंतर आणि वरच्या मेपलला पाने येऊन सावली दाटण्यापूर्वी जो थोडासा प्रकाश वनाच्या तळापर्यंत येतो, त्यातच पाने काढणे, फुलणे, परागण आणि पुढील वर्षासाठी अन्नसाठा हे सर्व उरकावे लागते. यांपैकी अनेक जातींच्या बियांना स्निग्ध पदार्थांनी भरलेला एक लहानसा मांसल भाग चिकटलेला असतो. मुंग्या त्याच्या लोभाने बी वारुळात नेतात, तो भाग खातात आणि बी तेथेच टाकून देतात. मुंगीची चाल फार तर काही मीटरांची, त्यामुळे एखादे वन एकदा नांगरले गेले, की ही फुले तेथे परतण्यास कित्येक दशके लागू शकतात. एप्रिल-मेमधील रानफुलांच्या फेऱ्यांत वाट सोडून पाऊल टाकू नये, ही सूचना वारंवार दिली जाते, ती याच कारणाने.

या फुलांना दोन शत्रू आहेत, आणि दोन्ही वसंतातच ओळखता येतात. पहिला ‘गार्लिक मस्टर्ड’, म्हणजे लसणाचा वास असलेली मोहरीच्या कुळातील युरोपीय वनस्पती, जी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आली. ती द्विवर्षायू आहे: पहिल्या वर्षी जमिनीलगत पाने काढते, दुसऱ्या वसंतात फुलते आणि हजारो बिया टाकून मरते. तिच्या मुळांतून स्रवणारी रसायने मातीतील त्या बुरशीस मारक ठरतात, जिच्याशी सहजीवन करून मेपलसह अनेक झाडे पाणी व क्षार मिळवितात. बी धरण्यापूर्वी ती मुळासकट उपटणे हाच साधा उपाय असल्याने एप्रिल आणि मे महिन्यांत विद्यार्थी आणि नागरिक तिच्या जुड्याच्या जुड्या बाहेर काढताना दिसतात. दुसरा शत्रू भारतीय वाचकास बुचकळ्यात टाकणारा आहे, कारण तो गांडूळ आहे. शेतकऱ्याचा मित्र म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो प्राणी हिमयुगातील हिमनद्यांनी झाकलेल्या या प्रदेशात मुळात नव्हता. तेथील वने सावकाश कुजणाऱ्या पानांच्या जाड थरावर वाढली आहेत. 2013 मध्ये विस्कॉन्सिनमधील पहिली ‘उडी मारणारी गांडुळे’ आर्बोरेटममध्येच आढळली. पूर्व आशियातून आलेली ही गांडुळे पानांचा थर झपाट्याने खाऊन मातीचा वरचा भाग कॉफीच्या चोथ्यासारखा भुसभुशीत करून सोडतात. प्रौढ गांडुळे थंडीत मरतात, पण मातीतील कोशांतून वसंतात नवी पिढी बाहेर पडते, आणि म्हणून बुटांना व अवजारांना चिकटलेली माती झाडून टाकण्याचा नियम तेथे कटाक्षाने पाळावा लागतो. एखादा जीव चांगला की वाईट, हे त्याच्या नावावरून ठरत नाही, तो कोठे आहे यावरून ठरते.

मॅडिसनच्या वसंताचा सर्वांत मौल्यवान ठेवा मात्र कागदावर आहे. निसर्गातील नियतकालिक घटनांचा, म्हणजे पहिले फूल, पहिली पालवी, स्थलांतरित पक्ष्याचे पहिले आगमन यांचा तारखांनिशी अभ्यास करणाऱ्या शास्त्रास फिनॉलॉजी म्हणतात. लिओपोल्डने 1935 मध्ये सॉक काउंटीत नदीकाठची एक निकस झालेली शेती विकत घेतली, कुटुंबासह दर वसंतात तेथे झाडे लावली, आणि शनिवार-रविवारी तेथे व इतर दिवशी मॅडिसनमध्ये दिसणाऱ्या घटनांच्या तारखा तो काटेकोरपणे नोंदवीत गेला. 1935 ते 1945 या काळातील नोंदी त्याने सारा एलिझाबेथ जोन्स या विद्यार्थिनीसह 1947 मध्ये प्रसिद्ध केल्या. पुढच्याच वर्षी, 21 एप्रिल 1948 रोजी, शेजाऱ्याच्या शेतात लागलेली गवताची आग विझविण्यास मदत करताना हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा मृत्यू झाला. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे त्याचे विख्यात पुस्तक 1949 मध्ये, म्हणजे मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

नोंदी त्याच्या हयातीत जेवढ्या उपयोगी होत्या, त्याहून किती तरी अधिक त्या पुढे ठरल्या. त्याची कन्या नीना लिओपोल्ड ब्रॅडली हिने 1970 च्या दशकात त्याच परिसरात परतून तेच निरीक्षण पुन्हा सुरू केले, आणि 1999 मध्ये तिने व तिच्या सहकाऱ्यांनी 61 वर्षांच्या कालावधीतील 55 घटनांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत अनेक घटना पूर्वीपेक्षा लवकर घडू लागल्याचे आढळले, परंतु सर्वच नाही. या फरकातच शास्त्रीय मर्म आहे. ज्या जीवांना ऋतूची सूचना तापमानातून मिळते, ते उबदार वर्षी घाई करतात; ज्यांना ती दिवसाच्या लांबीवरून मिळते, त्यांचे वेळापत्रक हवामान बदलले तरी जुनेच राहते, कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल बदललेला नाही. फूल आधी येऊन गेले आणि त्यावर अवलंबून असलेला कीटक किंवा पक्षी नंतर आला, तर हजारो वर्षे जुळलेली सांगड तुटते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लिओपोल्डच्या आणि मॅसॅच्युसेट्समधील हेन्री डेव्हिड थोरो याच्या एकोणिसाव्या शतकातील नोंदींची सांगड आधुनिक निरीक्षणांशी घातली गेली. 2012 च्या विलक्षण उबदार वसंतात विस्कॉन्सिनमधील फुलांनी लवकर उमलण्याचा विक्रम केला, आणि तापमानात एका अंश सेल्सिअसची वाढ झाली की तेथील फुले सरासरीने सुमारे चार दिवस आधी उमलतात, असे त्यातून दिसले. वही ठेवणाऱ्या दोघांपैकी कोणासही आपण हवामानबदलाचा पुरावा गोळा करीत आहोत, याची कल्पना असणे शक्य नव्हते.

तसाच एक पुरावा विद्यापीठाला लागून असलेल्या मेंडोटा तळ्याने दिला आहे. हे तळे कधी गोठले आणि कधी मोकळे झाले, याच्या नोंदी 1850 च्या दशकापासून उपलब्ध आहेत. तळे मोकळे झाले असे केव्हा म्हणावे, याचा निकष पूर्वापार साधाच आहे: ‘पिकनिक पॉइंट’ या भूशिरापासून समोरच्या ‘मेपल ब्लफ’पर्यंत नाव वल्हवीत नेता आली पाहिजे. निकष न बदलल्यामुळे आकडे परस्परांशी पडताळता येतात, आणि ते असे सांगतात, की एकोणिसाव्या शतकाच्या मानाने तळे गोठलेले राहण्याचा काळ सुमारे एका महिन्याने घटला आहे. एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी जुडे यांनी उत्तर अमेरिकेतील सरोवरविज्ञानाचा पाया याच काठावर घातला. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वाधिक जड असते, त्यामुळे बर्फ वितळून सर्व थरांचे तापमान तेवढे झाले, की वारा तळापासून पृष्ठभागापर्यंतचे पाणी घुसळून काढू शकतो. या उलथापालथीत तळाशी प्राणवायू पोहोचतो आणि तळातील पोषकद्रव्ये वर येतात. मग शैवाल वाढते, त्यावर डॅफ्निया नावाचे सूक्ष्म जलपिसू ताव मारतात, आणि मे-जूनच्या सुमारास पाणी काही काळ नितळ होते. 2009 मध्ये काटेरी जलपिसू हा परकीय जीव या तळ्यात आढळला. तो डॅफ्निया खातो, म्हणून शैवाल माजते. 2016 च्या एका अभ्यासानुसार त्यामुळे पाण्याची पारदर्शकता जवळजवळ एक मीटरने घटली, आणि ती भरून काढायची तर तळ्यात येणारे फॉस्फरस 71 टक्क्यांनी कमी करावे लागेल.

वसुंधरा दिनाशीही या विद्यापीठाचे नाते आहे. गेलॉर्ड नेल्सन यांनी येथेच 1942 मध्ये कायद्याची पदवी घेतली, पुढे ते राज्याचे गव्हर्नर आणि नंतर अमेरिकी सिनेटचे सदस्य झाले. जानेवारी 1969 मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा बार्बराजवळ समुद्रात मोठी तेलगळती झाली, त्यानंतर देशभरातील महाविद्यालयांत एकाच दिवशी पर्यावरणावर खुली चर्चासत्रे घ्यावीत, अशी कल्पना त्यांनी मांडली. 22 एप्रिल ही तारीख वसंताच्या सुट्टीनंतर आणि वार्षिक परीक्षांपूर्वी येते, म्हणजे विद्यार्थी सापडतील, असा व्यावहारिक हिशेब त्यामागे होता. 1970 च्या त्या पहिल्या दिवशी सुमारे दोन कोटी अमेरिकी नागरिक सहभागी झाल्याचे मानले जाते, आणि त्याच वर्षअखेरीस अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था अस्तित्वात आली. विद्यापीठातील पर्यावरण अभ्यास संस्थाही 1970 मधलीच असून आज ती नेल्सन यांच्या नावाने चालते. तरीही एका दिवसाच्या समारंभापेक्षा अनेक दशकांच्या नोंदींचे पारडे जड आहे, हे मॅडिसनच्या बाबतीत मान्य करावे लागते. रोपाशेजारी उभे राहून घेतलेले छायाचित्र हा पर्यावरणकार्याचा पुरावा मानण्याची हौस तर सर्वच देशांत सारखी आहे.

मॅडिसनचे यश निर्भेळ नाही. आर्बोरेटम चोहोबाजूंनी शहराने वेढलेले आहे, शहरातील रस्त्यांवरचे पावसाचे पाणी गाळ, क्षार आणि पोषकद्रव्ये घेऊन त्यात शिरते, आणि कर्टिस प्रेअरीच्या ओलसर भागांत ‘रीड कॅनरी ग्रास’ या दांडग्या गवताने बस्तान बसविले आहे. आठ-नऊ दशकांच्या मेहनतीनंतरही पुनःस्थापित प्रेअरी मूळ प्रेअरीशी तंतोतंत जुळत नाही. हातचे टिकविणे हे गमावलेले परत मिळविण्यापेक्षा स्वस्त असते, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

महाराष्ट्रास हा दाखला परका नाही. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांतील माळराने, ज्यांवर माळढोक, लांडगा, काळवीट हे प्राणी जगत आले, ती सरकारी भाषेत दीर्घकाळ ‘पडीक’ ठरली आणि वृक्षारोपणासाठी किंवा प्रकल्पांसाठी खुली मानली गेली. मॅडिसनची आग येथे जशीच्या तशी आणणे घातक ठरेल, कारण येथील ऋतुचक्र, गवतांच्या जाती आणि चराईची रीत सर्वस्वी वेगळी आहे. घेण्यासारखी आहे ती प्रथम मोजून मग कृती करण्याची पद्धत. वसंतात पळस, पांगारा, सावर कधी फुलतात, बहाव्याचा पहिला घोस कोणत्या तारखेस दिसतो, करंजाला पालवी कधी येते, याच्या सलग नोंदी ठेवण्यास राज्यातील कोणत्याही विद्यापीठाच्या आवारात झाडांची वाण नाही. फेब्रुवारीत होणाऱ्या ‘कॅम्पस बर्ड काउंट’ या पक्षिगणनेत भारतातील अनेक शैक्षणिक आवारे भाग घेतात, आणि ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात कोणीही नागरिक आपल्या जवळचे एक झाड निवडून आठवड्यातून एकदा त्याची पाने, फुले आणि फळे यांची स्थिती नोंदवू शकतो. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि भूगोल विभागांनी यंदा आवारातील दहा झाडांना क्रमांक द्यावेत, नोंदीचे निकष पहिल्याच पानावर लिहून ठेवावेत, आणि विद्यार्थ्यांची तुकडी बाहेर पडेल तेव्हा ती वही पुढच्या तुकडीच्या हाती रीतसर सोपवावी.